श्वास मोजण्याच्या खोलीतून

स्पायरोमेट्रीसाठी येणाऱ्या पेशंटला आम्ही आदल्या दिवशी फोन करून काही सूचना देतो. तपासणीच्या तासभर आधी विडी-सिगारेट नको, पोट फुटेस्तोवर जेवू नका, छातीला घट्ट बसणारे कपडे नकोत, कोणता पंप किती तास बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून घ्या. जगभर या सूचना साधारण अशाच असतात. आमच्याकडे त्यांत एक भर आहे आणि ती माझ्या आग्रहामुळे पडली: येताना सेंट, डिओ, अत्तर लावू नका, केसांना वासाचं तेल लावू नका. हे सांगितलं की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो. मग हमखास प्रश्न येतो, "का हो? तपासणीत वासही बघतात का?"

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या छातीविकार विभागात मी फुप्फुसांची तपासणी करणारी तंत्रज्ञ आहे. आमची खोली जेमतेम दहा बाय दहाची, खिडकी बंद, दार बंद. पेशंट खुर्चीत ताठ बसतो, नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि मी हातभर अंतरावर उभी राहून ओरडते, "भरा, भरा, भरा... आणि फुंका! जोरात! अजून, अजून, सोडू नका!" प्रत्येकाकडून किमान तीन चांगल्या फुंका लागतात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन १५० मिलिलिटरच्या आत एकमेकींशी जुळाव्या लागतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा आकडा आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. मग पंपातून ४०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल द्यायचं, १५ मिनिटं बसवायचं, पुन्हा फुंकायला लावायचं. हा आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरनी वाढला तर श्वासनळ्या औषधाने मोकळ्या झाल्या, असं आम्ही वर्षानुवर्षं धरत आलो. २०२१ नंतर तो हिशेब थोडा बदलला, पण विचार तोच आहे.

हे काम आवाजावर चालतं. माझा आवाज बसला की पेशंटची फुंक अर्धवट राहते, आणि अर्धवट फुंकेवरून निदान चुकू शकतं. मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे. बंद खोलीत समोरचा माणूस डिओ मारून आला असेल तर माझ्या घशात आधी खाजल्यासारखं होतं, मग आवाज फाटतो, मग कोरड्या खोकल्याची उबळ येते. तेवढ्यात बाहेर पडता आलं नाही तर छाती आवळायला लागते. आवडनिवडीचा इथे संबंध नाही. मोगऱ्याचा गजरा मला अतिशय प्रिय आहे. सहाणेवर उगाळलेल्या चंदनाचा वास आला की आजोळ आठवतं. तरीही हळदीकुंकवाला गेले की मी हात पुढे करत नाही. मनगटाला अत्तर लावायला आलेल्या काकूंना नम्रपणे नको म्हणते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी सोसते. ज्याचा वास मनापासून आवडतो त्यानेच दम लागावा, ही या आजाराची सर्वांत क्रूर बाजू आहे असं मला वाटतं.

सुरुवातीची वर्षं अवघड गेली. "दवाखान्यात नोकरी करतेस आणि तुला वास सहन होत नाही?" हे मी सहकाऱ्यांकडून ऐकलं. नखरे हा शब्दही कानावर आला, तोंडावर नाही तर पाठीमागे. तेव्हा आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला एक जुना शोधनिबंध वाचायला दिला. न्यूयॉर्कच्या चँग शिम आणि एम. हेन्री विल्यम्स यांनी तो १९८६ साली प्रसिद्ध केला होता. दमा असलेल्या ६० जणांना त्यांनी रोजच्या वासांबद्दल विचारलं, तर ५७ जणांनी कुठल्या ना कुठल्या वासाने त्रास होतो असं सांगितलं. मग ज्यांना कोलोनने त्रास होतो अशा चौघांना त्यांनी दहा मिनिटं कोलोनच्या वासात बसवलं आणि अगदी आमच्यासारखंच फुंकायला लावून मोजलं. पहिल्या सेकंदातली हवा १८ ते ५८ टक्क्यांनी घटली. रोज असे आकडे बघणाऱ्या बाईला ५८ टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अडीच लिटर फुंकणारा माणूस एका लिटरवर आला. जिना चढणं सोडा, त्याला एक वाक्य सलग बोलता येणार नाही.

तो निबंध वाचल्यावर मी पेशंटना वेगळे प्रश्न विचारायला लागले. आधी मी नाव, वय, उंची, धूम्रपान एवढंच लिहून घेत असे. आता पंप दिल्यानंतरच्या त्या १५ मिनिटांत गप्पा मारते. घरात काय जाळता, कामावर कसला वास असतो, सुटीच्या दिवशी बरं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी फार लक्ष देऊन ऐकते.

त्यातूनच एका मुलीची गोष्ट पुढे आली. ती एका मॉलमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला कागदाच्या पट्टीवर सेंट फवारून द्यायचा, कुणी म्हटलं तर मनगटावर मारून दाखवायचा, दिवसभर. तिची तपासणी आमच्याकडे सकाळी झाली आणि जवळपास नॉर्मल आली. कारण आदल्या दिवशी तिची साप्ताहिक सुटी होती. डॉक्टरांनी तिला पीक फ्लो मीटर दिलं. हे प्लॅस्टिकचं साधं उपकरण असतं, फुंकलं की काटा सरकतो. दिवसातून किमान चार वेळा फुंकायचं, कामाच्या दिवशी आणि सुटीच्या दिवशीही, आणि प्रत्येक आकडा वेळेसकट वहीत लिहायचा. कामामुळे होणारा किंवा कामाने वाढणारा दमा ओळखायची ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. तिने ती वही इतकी नेमाने भरली की मला तिचं कौतुक वाटलं. आलेख काढला तेव्हा कामाच्या दिवशी दुपारपासून रेघ खाली घसरत होती आणि सुटीच्या दिवशी वर येऊन सपाट राहत होती. तिची आई सोबत आली होती. इतके दिवस ती मुलीला "उभं राहून दमतेस गं" म्हणत होती. तो कागद तिने हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे ही खरं सांगत होती."

डॉक्टरांच्या पत्रावर तिला लहान मुलांच्या कपड्यांच्या मजल्यावर बदलून दिलं. तिची छाती सुधारली. पण सेंटच्या विक्रीवर मिळणारा इन्सेंटिव्ह गेला आणि घरात येणारे पैसे कमी झाले. तब्येत आणि पगार यांतलं एक निवडायला तिला लावायला नको होतं, असं मला आजही ठामपणे वाटतं.

तिचा आलेख होता म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला गेला. ज्यांचा आलेखही सरळ येतो, त्यांचं काय? माझ्या या सगळ्या अनुभवातला हा सर्वांत अवघड भाग आहे. एक शिक्षिका यायच्या. स्टाफरूममध्ये कुणी परफ्यूम लावून आलं की त्यांना खोकल्याची अशी उबळ यायची की डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि पुढच्या तासाला आवाजच नसायचा. त्यांची स्पायरोमेट्री उत्तम. पंपानंतरही आकडा तेवढाच. पीक फ्लोची रेघ सपाट. घरचे म्हणू लागले, मनाचे खेळ आहेत, योगा करा.

आमचं यंत्र श्वासनळी किती आवळली ते मोजतं. मज्जातंतू किती चिडला आहे, ते ते मोजत नाही. वास कळतो तो एका मज्जातंतूमुळे, तर नाका-डोळ्यांना होणारी चुरचुर वाहून नेणारा मज्जातंतू वेगळा आहे. मिरचीची फोडणी दिली की शेजारच्या खोलीतला माणूसही ठसकतो, तो वासाच्या मज्जातंतूमुळे ठसकत नाही. स्वीडनच्या एव्हा मिलक्विस्ट यांनी अशाच माणसांचा अभ्यास केला, ज्यांना सेंटने दम्यासारखा त्रास होतो पण तपासणीत दमा सापडत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी पेशंटच्या नाकाला चिमटा लावून वास कळण्याची वाटच बंद केली आणि एकदा सेंट, एकदा नुसतं सलाइन दिलं. सेंटने त्रास झाला, सलाइनने झाला नाही. पुढे त्यांनी मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सायसिन मोजून मापून श्वासातून ओढायला दिलं, तर ही माणसं इतरांपेक्षा कितीतरी कमी मात्रेला खोकू लागली. चिमटा लावून फुंकायला लावणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे हा प्रयोग वाचताना मला विलक्षण आनंद झाला. त्या शिक्षिकांना मी तो मराठीत समजावून सांगितला. कोविडमध्ये वास गेलेले एक आजोबाही आमच्याकडे यायचे. त्यांना ना चहाचा वास यायचा ना उदबत्तीचा, पण उदबत्ती लागली की खोकला मात्र यायचा. त्यांचं उदाहरण दिलं तेव्हा शिक्षिका पहिल्यांदा हसल्या. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे त्रास नाही, असं मी आता कुणालाच म्हणत नाही, आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुणाला म्हणू देत नाही.

उदबत्तीचा विषय नाजूक आहे. श्रावणापासून दिवाळीपर्यंत आमच्या बाहेरच्या बाकावर जागा नसते. मी देवाधर्माच्या घरातच वाढले आहे, म्हणून पेशंटशी बोलताना श्रद्धेला धक्का लागणार नाही असं बघते. पण आकडा सांगते. एक ग्रॅम उदबत्ती जळताना ४५ मिलिग्रॅमहून जास्त सूक्ष्म कण हवेत जातात, सिगारेटच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे १० मिलिग्रॅम आहे, असं २००८ च्या एका आढाव्यात नोंदवलं आहे. देवाला फूल वाहा, समई लावा, धूप घालायचाच असेल तर खिडकी उघडून आणि दम्याचा पेशंट दुसऱ्या खोलीत असताना घाला. बहुतेक जण ऐकतात. विशेषतः आज्या ऐकतात, नातवंडांच्या छातीतली घरघर त्यांनीच रात्री ऐकलेली असते.

मात्र "हे नैसर्गिक आहे, आयुर्वेदिक आहे" हे वाक्य आलं की समजूत घालायला वेळ लागतो. शेजारच्या त्वचाविकार विभागात पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या छोट्या कप्प्यांत पदार्थ चिकटवतात, दोन दिवसांनी पट्टी काढून बघतात, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. सुगंधाच्या ॲलर्जीसाठी तिथे जे मिश्रण वापरतात ते अमेरिकन त्वचातज्ज्ञ वॉल्टर लार्सन यांनी १९७७ मध्ये सुचवलं. त्यात आठ घटक आहेत. युजेनॉल त्यांतलं एक, ते लवंगेत असतं. जिरॅनिऑल गुलाबात सापडतं. सिनॅमाल म्हणजे दालचिनीचा प्राण. ओकमॉस हे तर झाडावर उगवणारं शेवाळासारखं दगडफूल. निसर्गात तयार झालेला रेणू आणि कारखान्यात तयार झालेला तोच रेणू यांत त्वचा फरक करत नाही. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन तर बाटली उघडी राहून हवेशी संयोग झाल्यावर जास्त त्रासदायक होतं. म्हणून कपाटाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेली तेलं आणि अत्तरं फेकून द्या, असं मी सांगते.

डब्यावर मात्र या सगळ्यांसाठी बहुतेक वेळा एकच शब्द छापलेला असतो: परफ्यूम, किंवा फ्रॅग्रन्स. त्या एका शब्दामागे डझनावारी रसायनं असू शकतात. युरोपियन युनियनने २००३ मध्ये अशा २६ घटकांची नावं ठरावीक प्रमाणापलीकडे असतील तर वेष्टनावर छापणं बंधनकारक केलं, आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्या पुढे नेली. ज्याला नेमकं कशाने होतं ते पॅच टेस्टमध्ये कळलं आहे, त्याला नाव वाचून वस्तू टाळता येते. नाव छापलंच नसेल तर तो काय टाळणार? शिवाय 'अनसेंटेड' असं लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी घातलेला सुगंध असू शकतो, हेही पेशंटना सांगावं लागतं.

आता आमच्याकडे साफसफाई करणाऱ्या मावशींबद्दल सांगते, कारण रुग्णालयात जे काही बदललं ते त्यांच्यामुळे. आमच्या खोलीबाहेरची लॉबी रोज ओपीडीच्या तोंडावर लिंबाच्या वासाच्या फिनेलने पुसली जायची आणि वरून रूम फ्रेशनरचा फवारा. बाकावर बसलेले दम्याचे पेशंट तपासणीआधीच खोकायला लागायचे. मी मावशींना म्हटलं, "मावशी, आमच्या दारापुढे तेवढा फवारा नका ना मारू." त्या म्हणाल्या, "ताई, वास आला नाही तर सुपरवायझर म्हणतात फरशी पुसलीच नाही. परवा एका पेशंटच्या माणसाने तक्रार केली, दवाखान्याला दवाखान्याचा वास येतो म्हणून." बोलता बोलता त्या दोनदा खोकल्या. मी विचारलं, तुम्हाला काही होत नाही का? "रात्रीचा येतो खोकला. धुळीचा असेल."

मी त्यांना डॉक्टरांना दाखवायला लावलं आणि मग माझ्याच खुर्चीत बसवलं. मावशी इतक्या मन लावून फुंकल्या की पहिल्याच प्रयत्नात आलेख सुरेख आला, आणि पंपानंतर आकडा भरपूर वाढला. दमाच होता. त्या बाथरूम धुताना ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओततात हेही तेव्हा कळलं. दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. मी त्यांना तिथल्या तिथे शपथ घालून ते बंद करायला लावलं. साफसफाई करणाऱ्यांमध्ये दमा जास्त आढळतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. आपल्याकडे त्या बायकांचा खोकला धुळीच्या नावावर जमा होतो.

मावशींचा रिपोर्ट घेऊन आमचे डॉक्टर प्रशासनाकडे गेले. आता प्रश्न एका तंत्रज्ञ बाईच्या सोयीचा राहिला नव्हता. आमच्या मजल्यावर फवारे बंद झाले, फरशी बिनवासाच्या साबणाने आणि ओपीडी सुरू व्हायच्या पुरेशी आधी पुसली जाऊ लागली, जंतुनाशक जिथे खरोखर लागतं तिथेच आणि दारं-खिडक्या उघडून वापरायचं ठरलं. जंतू सुगंधाने मरत नाहीत, हे सुपरवायझरना लेखी कळवलं गेलं. वास येत नाही म्हणून आता मावशींना कुणी बोलत नाही.

अमेरिकेत डेट्रॉइट महापालिकेच्या एका महिला कर्मचाऱ्याने शेजारच्या टेबलावरच्या सेंटमुळे काम करता येत नाही म्हणून अपंगत्वाच्या कायद्याखाली दावा लावला होता. २०१० मध्ये एक लाख डॉलरवर तडजोड झाली आणि महापालिकेने आपल्या इमारतींत सुगंधी वस्तू लावून येऊ नका असे फलक लावायचं मान्य केलं. त्याच देशात ॲन स्टाइनमन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३४.७ टक्के प्रौढांनी सुगंधी वस्तूंनी तब्येतीला त्रास होतो असं सांगितलं, आणि १५.१ टक्क्यांनी सांगितलं की वर्षभरात त्यापायी कामाचे दिवस किंवा नोकरीच गेली. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत दमा नाही. त्यामुळे इथे हातात उरतं ते डॉक्टरांचं पत्र आणि वरिष्ठांचा समजूतदारपणा. मला हे पुरेसं वाटत नाही. दुसऱ्याच्या कपड्याचा रंग आवडला नाही तर नजर वळवता येते, श्वास वळवता येत नाही. बंद खोलीतली हवा सगळ्यांच्या मालकीची आहे, तिच्यात काही मिसळायचं तर इतरांना विचारलं पाहिजे, एवढा साधा नियम कचेऱ्यांनी करायला काय हरकत आहे?

माझ्यापुरती मी विचारायला शिकले आहे. कॅबमध्ये बसले की काच खाली करते आणि म्हणते, "दादा, मला दमा आहे. ते फ्रेशनर तेवढं डिकीत ठेवाल का?" आजार स्पष्ट सांगितला की माणसं चटकन ऐकतात. आमच्याकडे नव्याने शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी सांगते की खोलीत येताना साबणाने अंघोळ, धुतलेला ॲप्रन, बाकी काही नको, आणि कारणही सांगते.

लिफ्टमधलं आपोआप फवारा सोडणारं यंत्र अजून जागेवर आहे. ते देखभालीच्या वेगळ्या कंत्राटात येतं म्हणून आमच्या मजल्याचा निर्णय तिथे लागू होत नाही, असं उत्तर मिळालं. पेशंट त्याच लिफ्टमधून खोकत वर येतात. मी नवा अर्ज दिला आहे. दारात येणारा प्रत्येक जण लिफ्टने आला की जिन्याने आणि खोकत आला का, अशी नोंद आम्ही सध्या ठेवतो आहोत. जिन्याच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा मावशींचं नाव आहे. पंप सुरू झाल्यापासून त्या तीन मजले चढून येतात.